अंक छपाईत आहे

गुरुवार, १२ जून २००३. सकाळचे अकरा. ठिकाण : आमच्या वनविद्या संस्थेच्या ग्रंथालयातली नियतकालिकांची खोली. हजर : साठा-पडताळणी समितीचे अध्यक्ष असलेले लेखाधिकारी दाते, खराडीच्या एका संगणक कंपनीचे मोहिते, ग्रंथालय संगणकावर चढवायचं काम मिळेल या आशेने, ग्रंथपाल सु. ल. रामटेके, सहायक ग्रंथपाल आपटे, म्हणजे मी, आणि शिपाई बबन, कपाटं उघडायला. संचालक येणार होते, आले नाहीत. गुरुवार, पुण्यातला वीजदुरुस्तीचा वार, त्यामुळे वीज नव्हती.

ही नोंद माझ्या त्या वर्षीच्या वहीतली आहे. मला याद्या करायची सवय आहे. वाण्याची यादी, ऑफिसची यादी, पाहुणे यायचे असतील तर त्यांची वेगळी यादी. घरचे हसतात, मग त्याच याद्यांवर विसंबून राहतात. पण या नोंदीखालचं पान मी कोरं सोडलं होतं. कोण काय बोललं ते लिहायला हात धजला नाही. आता लिहिते आहे, कारण रामटेके सर राहिले नाहीत आणि त्यांचं एक काम माझ्याकडे तसंच पडून आहे.

सर उंचीने बेताचे, आवाजाने त्याहून बेताचे. अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, कडक इस्त्रीचा. खिशात दोन पेनं : निळं नोंदीसाठी, लाल एखादं नियतकालिक बंद पडलं तर त्याच्या कार्डावर तसं लिहिण्यासाठी. निळ्याच्या कांड्या महिन्याला बदलत. लाल पेन मी रुजू झाले तेव्हापासून तेच होतं.

आमच्याकडे जगभरची वनविद्येची नियतकालिकं येत. प्रत्येकाचं एक कार्ड असे आणि अंक आला की कार्डावर तारीख पडे. साधं काम. पण सरांनी कार्डं नावांप्रमाणे न लावता देशांप्रमाणे लावली होती, आणि बोलतही तसंच. सकाळी टपालाची पिशवी टेबलावर आली की पहिला प्रश्न, "कोण आलं?" मी पाकिटं बघून सांगायची, "फिनलंड आलं, सर. जपान आलं. ब्राझील नाही." "ब्राझील रुसलंय. मार्चमध्ये पत्र गेलंय ना आपलं? येईल."

पहिल्याच महिन्यात त्यांनी मला कपाटांपुढून फिरवून जग दाखवलं. जर्मनांचे जाड काळे खंड सगळ्यांत खाली, कारण वरची फळी वाकायची. "यांनी झाड बघायच्या आधी झाडाचं कोष्टक केलं," सर म्हणाले. "हसू नका, ते कोष्टक अजून चालतं." जपानी अंकांत सगळं जपानीत आणि शेवटच्या पानावर बारा ओळी इंग्रजी. "बारा ओळींसाठी एवढ्या लांबून येतं बिचारं. नीट पुसून ठेवा." ब्राझीलमध्ये निलगिरी, कॅनडात गुळगुळीत कागद. रशियाचा अंक खरखरीत, रॉकेलसारखा वास येणारा. तो एका वर्षी यायचा थांबला. तिकडे देशच मोडला होता. मी म्हटलं, सर, लाल पेन काढा. त्यांनी काढलं नाही. दीड वर्ष फळीवर एक रिकामा पुठ्ठ्याचा डबा ठेवला. मग एक दिवस पातळसा अंक आला, नाव थोडं बदललेलं. सरांनी तो हातात घेऊन आजारातून उठलेल्या माणसाकडे बघावं तसं त्याच्याकडे बघितलं.

पश्चिम आफ्रिकेतलं एक नियतकालिक तर तीन तीन वर्षांचे अंक एकत्र, सुतळीने बांधून पाठवी, वर माफीची चिठ्ठी. त्या दिवशी सर मला म्हणाले, "आपटेबाई, उशीर आणि मरण यातला फरक ओळखायला शिका. आपलं निम्मं काम तेवढंच आहे."

यातले बहुतेक अंक आम्ही विकत घेत नव्हतो. ते देवाणघेवाणीत येत. आमची संस्था एक इंग्रजी त्रैमासिक काढायची. आम्ही सगळे त्याला नुसतं 'क्वार्टर्ली' म्हणायचो. सागाच्या वाढीवरचे लेख, बांबूच्या फुलोऱ्यावरचे, सह्याद्रीतल्या देवरायांवरचे. ते आम्ही जगभर पाठवायचो आणि जग आपापले अंक आम्हाला पाठवायचं. करार कागदावर कमी, विश्वासावर जास्त.

एक्क्याण्णव साली रुपया घसरला. जे थोडे अंक विकत घेत होतो ते पहिल्या झटक्यात बंद झाले. पुढच्या वर्षी क्वार्टर्लीचा कागद बंद झाला. बंद करा असा हुकूम कुणी काढला नाही. संपादक निवृत्त झाले, नवे नेमले नाहीत, कागदाच्या मागणीवर सही झाली नाही. संपलं. पण शेवटच्या अंकाचा मजकूर तेव्हा बुधवार पेठेत नगरकरांच्या छापखान्यात जुळवून तयार होता. शिशाच्या अक्षरांचे, म्हणजे खिळ्यांचे, ठोकळे सुतळीने बांधून, कागदाची वाट बघत.

तेव्हा फिनलंडहून विचारणा आली : आपला अंक आला नाही. सरांनी उत्तर लिहिलं. मीच टाइप केलं. अंक छपाईत आहे, कृपया देवाणघेवाण चालू ठेवावी. खाली त्यांची सही, सु. ल. रामटेके, शाळेच्या वहीतल्यासारखी सुटी आणि स्वच्छ. सही वाचता आली पाहिजे असा त्यांचा आग्रह होता. "न वाचता येणारी सही मोठ्या साहेबांना शोभते. आपल्याला नाही."

पत्रातला मजकूर खोटा नव्हता. अंक छपाईत होताच. आणि तो छपाईत आहे याची खात्री करायला सर दर शनिवारी बुधवारात जात. मी एकदा बरोबर गेले होते. रेडिओ-टेपरेकॉर्डरच्या दुकानांमधून एक अंधारा जिना. वर नगरकर, बनियनवर.

"आलात? बघून घ्या. आहेत जागेवर."

सर वाकून ठोकळे बघायचे. बोट लावायचे नाहीत.

"रामटेकेसाहेब," नगरकर म्हणाले, "एवढ्या वेळा तर मी सासऱ्यांना बघायला गेलो नाही. अहो, कागद पाठवा. माझे खिळे अडकलेत."

"येईल कागद. जरा थांबा."

"थांबलोय की. पुण्यात एवढं फुकट कोण थांबतं सांगा?"

नगरकर दीड वर्ष थांबले. त्र्याण्णवच्या दिवाळीत लग्नपत्रिकांची गर्दी झाली आणि त्यांनी सुतळ्या सोडून खिळे परत खणांत टाकले. त्यांच्या बाजूने यात काही चुकलं नाही. सर निघताना त्यांनी त्यांच्या हातात मुद्रितांची भेंडोळी दिली, तपासणीसाठी काढलेली एकुलती एक प्रत.

सोमवारी सर आले ते थेट खुर्चीत बसले. टपाल उघडलं नाही. दुपारी म्हणाले, "आपटेबाई, खिळे मोडले."

मला आधी कळलंच नाही. "कुठे?"

"नगरकरांकडे. आता अंक छपाईत नाही."

त्या आठवड्यात कॅनडाची विचारणा आली होती. तिला उत्तर द्यायचं होतं. मी टाइपरायटरला कागद लावून बसले. सर खिडकीपाशी उभे. तिथूनच म्हणाले, "तेच लिहा. मागच्यासारखं."

तेव्हा मला ते फार मोठं वाटलं नाही. एक ओळ तर होती. आणि खरं लिहिलं असतं तर वर्षभरात कपाटं रिकामी झाली असती हे दोघांनाही ठाऊक होतं. पण त्या दिवसापासून त्या खोलीत भीती राहायला आली. ती कशी दिसते ते मी सांगू शकते, कारण मी तिच्या समोरच्या टेबलावर दहा वर्षं बसले.

सर परदेशी पाकीट स्वतः उघडेनासे झाले. आधी हात धुऊन यायचे, मग पाकीट माझ्याकडे सरकवायचे. "तुम्ही वाचा. पहिलं वाक्य फक्त सांगा." मी सांगायची, "अंक पाठवला आहे, म्हणतात." की ते श्वास सोडायचे. वरच्या मजल्यावर संचालकांची खुर्ची सरकल्याचा आवाज झाला की त्यांचं पेन थांबायचं. फोन तीनदा वाजू देत, चौथ्यांदा उचलत. टेबलाच्या कडेवर डावा अंगठा घासायची सवय लागली. तिथलं पॉलिश गेलं आणि खालचं लाकूड दिसायला लागलं. "साग आहे," एकदा स्वतःच म्हणाले, "बरं झालं, कळलं तरी."

मी एकदा वैतागून म्हटलं, "सर, एवढं काय? कळलं तर कळलं. मेमो देतील."

ते म्हणाले, "तुमची चूक झाली तर चूक झाली म्हणतील, आपटेबाई. माझी झाली तर मुळात नेमणूकच चुकली म्हणतील."

मग त्यांनी त्यांच्या वडिलांचं सांगितलं, तेही एवढंच. वडील चंद्रपूरकडे वनखात्यात मजूर. डेपोतले सागाचे ओंडके मोजून त्यावर हातोड्याने शिक्का मारायचं काम. एकदा मोजणीत एक ओंडका कमी भरला. सात महिने घरी बसवलं. पुढे तो ओंडका डेपोतच, दुसऱ्या थप्पीखाली सापडला. "कामावर परत घेतलं. पण हातोडा नाही दिला परत."

सत्त्याण्णवच्या जानेवारीत फिनलंडहून पत्र आलं. पहिलं वाक्य मी वाचलं आणि सांगायला वेळ लावला. तिथल्या ग्रंथपाल बाई भारत बघायला येत होत्या. इतकी वर्षं ज्यांच्याशी पत्रव्यवहार आहे त्यांना भेटायला पुण्यात एक दिवस थांबणार होत्या.

मी यादी केली. जुने खंड झाडणे. चहाचे कप बदलणे. नव्या अंकाचं विचारलं तर काय? या शेवटच्या प्रश्नापुढे सरांनी काही लिहू दिलं नाही. आठवडाभर ते डबा न उघडता परत नेत होते, हे मला बबनकडून कळलं.

बाई आल्या. साठीच्या, पायात चालायचे बूट, पाठीला पिशवी. सरांशी दोन्ही हातांनी हस्तांदोलन. कार्डांचे खण बघून हरखल्या. आपल्या देशाचं कार्ड बघितलं, त्यावर पडलेली प्रत्येक तारीख बोटाने खालपर्यंत वाचली. मग क्वार्टर्लीच्या फळीपाशी आल्या आणि हसून विचारलं, नवीन काय आहे?

सरांनी टेबलाचा खण उघडला आणि नगरकरांची ती भेंडोळी बाहेर काढली. पिवळी पडलेली, समासात संपादकांच्या खुणा. त्यांच्यापुढे ठेवली.

बाई बसल्या. चष्मा लावला. देवराईवरचा लेख सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचला. कागदाच्या कडेवरून एकदा बोट फिरवलं. जुना कागद आहे हे आंधळ्यालाही कळलं असतं. मग विचारलं, याची झेरॉक्स मिळेल का? मी स्वतः काढून दिली. चहा घेतला, सरांचा हात परत दोन्ही हातांत धरला, गेल्या.

मी सुटकेने हसले. "गेलं की सर सगळं नीट! उगीच घाबरलो."

"तिला कळलं."

"कशावरून?"

"हा अंक कधी निघेल, ते विचारलं नाही तिने."

फिनलंडचे अंक येतच राहिले. एकही चुकला नाही. मला वाटलं होतं त्यामुळे सरांची भीती कमी होईल. ती वाढली. पूर्वी ते न कळलेल्यांना भीत होते. आता एकीला कळलं होतं आणि ती काही बोलत नव्हती. दर अंकाबरोबर तिची एक ओळ असे, थंडी किती पडली वगैरे. सर ती ओळ पुनःपुन्हा वाचायचे, तिच्यामागे दुसरी काही लिहिली आहे का बघत.

याच काळात जगच बदलत होतं. मोठे प्रकाशक एकेक संस्थेचं नियतकालिक विकत घेत होते. मग पत्रं यायला लागली : यापुढे अंक संगणकावर उपलब्ध, छापील देवाणघेवाण बंद. ऑस्ट्रेलिया गेलं. कॅनडा गेलं. जर्मनांचं काळ्या पुठ्ठ्याचं बाड यायचं थांबलं. मी मनात म्हणत असे, आता सगळेच सोडून चाललेत, आमचं खोटं कुणाच्या लक्षात राहणार? सर दर वेळी कार्डावर निळ्या पेनाने लिहीत, 'छापील स्वरूपात येणे थांबले.' बंद हा शब्द तिथेही नाही.

क्वार्टर्लीचंही एक कार्ड होतं. पहिल्या खणात, सगळ्यांत पुढे. ब्याण्णवच्या पहिल्या तिमाहीनंतर त्यावर एकही तारीख नव्हती.

आता त्या गुरुवारकडे येते.

सर तीस जूनला निवृत्त होणार होते. अठरा दिवस राहिले होते. दातेंची पडताळणी चालू होती. खिडक्या उघड्या, पंखा बंद, दाते पुठ्ठ्याने वारा घेत. पुस्तकं जुळली. नियतकालिकांपाशी आल्यावर त्यांनी नोंदवही उलटसुलट केली.

"हे परदेशी अंक कुठल्या खर्चातून येतात? मला कुठे दिसत नाही."

"ते देवाणघेवाणीत येतात," मी म्हटलं.

"म्हणजे फुकट."

"बदल्यात आपण—"

"तेच विचारतोय, बाई. बदल्यात आपण काय पाठवतो? की आपण त्यांचे जावई आहोत म्हणून घरपोच येतंय?" मोहिते हसले. दाते सरांकडे वळले. "सांगा रामटेके. शेवटचं काय पाठवलंत आणि कधी?"

सर उठून पहिल्या खणापाशी गेले होते. त्यांनी एक कार्ड काढून टेबलावर ठेवलं होतं, ते मला उलटं दिसत होतं. उजवा हात खिशाकडे गेला. दोन पेनांतलं लाल पेन बाहेर आलं. ओठ उघडले, आवाज आला नाही. कपाळावरून घाम भुवईवर उतरत होता. मी अठरा वर्षांत ते पेन त्यांच्या हातात बघितलं नव्हतं. मला वाटलं हा माणूस आता कोसळणार, घाबरून भलतंच पेन काढलंय. वाचवायला पाहिजे.

मी म्हटलं, "आपलं त्रैमासिक जातं ना, साहेब. या वेळचा अंक छपाईत आहे."

"कुठे?"

"बुधवारात. नगरकरांकडे."

"अजून आहे का तो छापखाना?" दाते म्हणाले, पण उत्तराला थांबले नाहीत. उन्हाळा होता, जेवायची वेळ होत आली होती. अहवालात लिहिलं, देवाणघेवाण सुरळीत. पाच सह्या. त्यात माझी.

दिवसभर सर माझ्याशी बोलले नाहीत. साडेपाचला सगळे गेल्यावर माझ्या टेबलासमोर येऊन उभे राहिले. लाल पेन अजून हातातच होतं.

"तुम्ही का बोललात?"

"सर, तुमच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. अठरा दिवस राहिलेत. मी म्हटलं—"

"फुटत होता," सर म्हणाले. "मी खरं सांगणार होतो. दहा वर्षांत पहिल्यांदा जमत होतं, आपटेबाई. थोडा वेळ लागत होता, एवढंच."

त्यांनी पेन खिशाला लावलं, छत्री घेतली आणि गेले. कार्ड टेबलावर होतं. मी ते खणात परत ठेवलं. मला उशीर आणि मरण यातला फरक शिकवलेल्या माणसाला मी एक मिनिटसुद्धा दिलं नव्हतं.

तीस तारखेला निरोप समारंभ झाला. शाल, नारळ, संचालकांचं भाषण. सरांनी मला भेंडोळीचं पाकीट दिलं. "तुमच्याकडे राहू द्या. घरी नको." कारण सांगितलं नाही.

दोन हजार सहा साली मी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि मोहित्यांच्याच कंपनीत लागले. खराडीला, काचेच्या इमारतीत सहावा मजला, आजूबाजूला माझ्या मुलीच्या वयाची माणसं, मला 'मॅम' म्हणणारी. काम माझ्या हातचंच : जगातल्या वनविद्येच्या सगळ्या नियतकालिकांची एक यादी. देश, भाषा, कुणी काढलं, कधी सुरू झालं, सद्यस्थिती. ही यादी जगभरच्या ग्रंथालयांत जाणार. सद्यस्थितीच्या रकान्यात दोनच पर्याय, चालू किंवा बंद. बंद असेल तर शेवटच्या अंकाचं साल. जिथे रकाना कोरा, तिथे संगणक दर सोमवारी आपोआप आठवण पाठवतो.

भारत करताना क्वार्टर्लीवर येऊन थांबले. 'चालू' लिहिलं तर ते खोटं. 'बंद, १९९२' लिहिलं, तर ते साल फिनलंडला दिसेल, ब्राझीलला दिसेल. ज्यांच्या फायलींत १९९८ची, २००१ची पत्रं आहेत, अंक छपाईत आहे म्हणणारी, त्या सगळ्यांना दिसेल. खाली सही, कुणालाही वाचता येईल अशी. शिवाय संस्थेच्या एका अहवालात माझी.

दोन हजार आठच्या फेब्रुवारीत एका शनिवारी ऑफिसच्या वाटेवर मी येरवड्याला त्यांच्याकडे गेले. दोन खोल्या, पुढे लहान गॅलरी, तुळतुळीत झाडलेली. सर बारीक झाले होते. त्यांच्या पत्नींनी पाणी आणलं. "बसा नं ताई. तुमचं लय नाव घेतात हे." सर शर्ट बदलायला आत गेले तशा त्या माझ्याजवळ सरकल्या.

"ताई, एक विचारू काय? ऑफिसात काही झालं होतं काय यांचं?"

"का हो?"

"विहारात आम्ही सोबत जातो. पंचशील म्हणताना हे तीन शीलं खणखणीत म्हणतात. चौथं आलं की गप होतात. नुसते ओठ हलवतात. पाचवं परत मोठ्यानं. किती वर्षं झाले पाहतो मी. काहून, ते सांगत नाहीत."

चौथं शील खोटं न बोलण्याचं. मी पाण्याचा पेला खाली ठेवला. म्हटलं, "मला नाही माहीत." तेही आणखी एक.

सर आले. मी रकान्याचं सांगितलं. मग वाटेत सुचलेला उपायही सांगितला, कारण उपाय सुचल्याशिवाय मी कुणाकडे जात नाही. भेंडोळी माझ्याकडे आहेत. संगणकावर मजकूर चार दिवसांत चढेल. शंभर प्रती काढू, जगभर पाठवू. अंक खरंच निघेल.

"तारीख कुठली घालाल?" सरांनी विचारलं.

माझ्या यादीत तो प्रश्न नव्हता.

"ब्याण्णवची घातली तर खोटी. आजची घातली, तर एवढी वर्षं छपाईत होता, असं म्हणावं लागेल. खोट्याला पुठ्ठा बांधून काय करायचं, आपटेबाई?" किंचित हसले. मग अंगठा खुर्चीच्या हातावर घासायला लागला. "त्या दिवशी धीर आला होता. का आला माहीत नाही. परत आला नाही."

"मग बंद लिहू?"

"कुठल्या साली?"

"ब्याण्णव."

त्यांनी डोळे मिटले. आतून भांड्यांचा आवाज येत होता.

रिक्षापर्यंत पोचवायला आले. नको म्हटलं तरी आले. रिक्षावाल्याला खराडीचा रस्ता दोनदा समजावला. मी बसल्यावर आत वाकून, हळू आवाजात म्हणाले, "भरू नका असं मी म्हणत नाही. भरायलाच पाहिजे. फक्त आज भरू नका."

रिक्षा वळताना मी मागे बघितलं. ते कोपऱ्यावर उभे होते. पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं. हात वर केला नव्हता. माझ्याकडे नाही, रस्त्यावरून येणाऱ्या पोस्टमनच्या सायकलकडे बघत होते आणि ती जवळ येईल तसे एकेक पाऊल मागे सरत होते.

पुढच्या वर्षी सर गेले. मला चार दिवसांनी कळलं. त्यांच्या पत्नींना भेटून आले. त्यांनी परत काही विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही.

यादी आता जवळजवळ पूर्ण आहे. रशियाचं चालू आहे. पश्चिम आफ्रिकेचंही चालू आहे, उशिराने. परवा मोहिते माझ्या खुर्चीमागे उभे राहून म्हणाले, "मॅडम, भारतात एकच रकाना राहिलाय म्हणे? तुमच्या जुन्या संस्थेचा? तुम्हाला तर माहीतच असेल." मी म्हटलं, बघते. माझा अंगठा टेबलाच्या कडेवर होता. तो मी उचलून मांडीवर ठेवला.

माझ्या वहीत या आठवड्याच्या नऊ कामांपैकी आठांवर रेघ पडली आहे. राहिलेलं एक गेल्या आठवड्याच्या पानावरून उतरवलं आहे, आणि त्या पानावर त्याच्या आधीच्या : क्वार्टर्ली, सद्यस्थिती, साल. आज सोमवार. संगणकाची आठवण येऊन गेली आहे.